कडक उन्हातला रोल

ओली फिल्म बाथरूममधल्या दोरीला कपड्यांच्या चिमट्यानं लटकवली, उजेडात धरून पाहिली आणि जीव भांड्यात पडला.

आत्याच्या गच्चीवर, भर दुपारी, पांढऱ्या लुगड्यावर पापड वाळत होते. शेजारी आत्या आणि बाबा बसले होते, कितीतरी वर्षांनी एकत्र. ते पाहून मी इतकी गडबडले, की फोटो काढताना फिल्मवर उजेड फारच पडू दिला. नेहमीइतका वेळ रसायनात ठेवली असती, तर फोटोत सगळं पांढरंफटक झालं असतं. म्हणून जरा लवकरच बाहेर काढली. आता निगेटिव्हमधल्या काळ्या-पांढऱ्याच्या अदलाबदलीतही एकेक पापड वेगळा दिसतोय, बाबांच्या कपाळावरची आठीसुद्धा.

फार कडक झालेल्या गोष्टींना बहुधा हाच उपाय असावा. झालं ते झालं, पण ते उगाळत बसायचं नाही.

त्या दुपारी बाबांनी जुन्या भांडणाचा विषय काढलाच होता. "ताई, तेव्हा मी..."

"राहू दे रे," आत्या म्हणाली, "आधी पापड उचल. ऊन फार आहे, तडकतील."

शेवटच्या फोटोत लुगड्याचं एक टोक तिच्या हातात आहे, दुसरं बाबांच्या.