आख्खी कांडी
वडगावच्या गल्लीतून जाताना सुताला दिलेल्या ओल्या खळीचा वास आला की मला दवाखान्यातली ती दुपार आठवते. माझे वडील, आप्पा, हातमागावर विणायचे; त्यांच्या मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळीत कॅन्सर निघाला होता. डॉक्टर घाईत बरंचसं इंग्रजीतच बोलून गेले आणि आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, कारण आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. "आप्पा, पोट फाडणार न्हाईत. बारीक भोकं पाडून दुर्बिणीनं करणार," मी चाचरत म्हणाले. "भोकातनं काय दिसतंय त्यास्नी? मला न्हाय करायचं. माग कोण चालवणार?" मी पुन्हा सुरुवात केली, मूत्रपिंड आणि नळी एकसंध काढायची, मधेच तोडली तर रोग आत सांडेल, पण पुढचे शब्द सापडेनात आणि मला रडू यायला लागलं. आप्पांनी दोन बोटं हवेत हळूच वर ओढली, मागापाशी बसल्यासारखी. "म्हंजे सूत न तोडता, सूत गुंडाळलेली आख्खी कांडी उचलायची. व्हय का न्हाय?" "व्हय आप्पा." "मग तसं सांग की गं! एवढी शिकलीस, आन् कांडी म्हनाय येईना तुला," असं म्हणत त्यांनी सहीसाठी पेन मागितलं. त्यानंतर तीन वर्षं ते मागावर होते. गेल्या वर्षी गेले. आता पुस्तकातलं एखादं पान कितीदा वाचूनही कळत नाही, तेव्हा वाटतं, घरी जावं, मागाशेजारी बसावं आणि ते पान आप्पांना अडखळत सांगायला लागावं.