कॉव्हेंट्रीतला उखाणा

हीथ्रोहून कोचने (लांब पल्ल्याच्या बसने) कॉव्हेंट्रीला उतरले. दुपारी चारलाच रस्त्यावरचे दिवे लागलेले. ताई न्यायला आली होती. मॅट्रिक होताच डॉक्टर नवऱ्यामागे ती इथे आली. घरातली पहिली पदवीधर मी. इतिहास घेऊन बी.ए. केलं, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते.

शेजारच्या हानाबाईंनी माझा सोलापुरी स्वेटर पाहिला आणि आपला जुना ओव्हरकोट आणून दिला. निवृत्त नर्स, बोलणं मोजकं. दुसऱ्या दिवशी त्याच मला गाव दाखवायला घेऊन गेल्या. भर गावात युद्धातल्या बाँबने छप्पर उडालेलं चर्च तसंच उघडं ठेवलंय, नवं त्याला लागून बांधलंय. आत बर्फ भुरभुरत होतं. मी लगेच युद्धाच्या सनावळ्या म्हणू लागले. त्यांनी सगळ्या ऐकून घेतल्या आणि मग सांगितलं, की त्या ॲम्स्टरडॅमच्या ज्यू.

चहाबरोबर स्कोन (जाडसर, किंचित गोड पाव) मागवला. त्यांच्या बोटात अंगठी होती, म्हणून मी सरळच विचारलं, तुमचे मिस्टर काय करायचे?

लग्न ठरलं होतं, झालं नाही. ज्यूंना गाड्यांत कोंबून छावण्यांकडे नेत होते, तेव्हा तो आणि त्या एका तळघरात खोटी ओळखपत्रं छापायचे, लोकांना लपता यावं म्हणून. त्या पकडल्या गेल्या. चौकशीत एकच प्रश्न होता, छापणाऱ्याचं नाव. त्यांनी सांगितलं नाही. डाव्या हाताची बोटं वाकत नाहीत, ती तेव्हापासून. छावणीतून त्या जिवंत परतल्या. तो पुढे धरला गेला, आणि परतला नाही.

“अजून ते नाव तोंडातून निघत नाही,” त्या म्हणाल्या. “उच्चारलं की त्याला न्यायला येतील असं वाटतं. वेडेपणा आहे.”

मी नाव विचारलं नाही.

शनिवारी ताईकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. स्लाऊहून, रीडिंगहून बायका आल्या, हानाबाईही आल्या. ताईच्या विधवा सासूबाई मात्र स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या कापत बसल्या. बाहेर यायला तयार नव्हत्या. उखाणे रंगले. स्लाऊच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हानाबाई, युअर टर्न. नाव घेतल्याशिवाय वाण नाही.”

राहू द्या त्यांना, असं मी म्हटलं, तर “साहेबीण लाजते वाटतं” म्हणून हशा झाला. ताईने इंग्रजीत रीत समजावली. हानाबाईंनी विचारलं, एरवी तुम्ही नाव का घेत नाही?

उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं. “नाव घेतलं की त्यांचं आयुष्य कमी होतं, म्हणायचे. मी जन्मभर घेतलं नाही. तरी गेलेच.”

ताईने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. हानाबाई सासूबाईंकडे बघत राहिल्या.

“मीही त्याच्यासाठीच घेतलं नाही, घेतलं तर त्याला धरून नेतील म्हणून,” त्या म्हणाल्या. “तरी तोही गेला.”

ताईने तेही मराठीत सांगितलं. सासूबाई बाहेर आल्या आणि त्यांच्याजवळ सतरंजीवर बसल्या.

“आता कोण बसलंय त्याला धरून न्यायला? घे बाई.”

हे ताईला इंग्रजीत सांगावं लागलं नाही. हानाबाईंनी न वाकणाऱ्या बोटातली अंगठी चाचपली.

“याकोब.”

उखाणा नव्हता, यमक नव्हतं. कुणी मागितलंही नाही. विधवेने देऊ नये म्हणतात ते वाण सासूबाईंनी आपल्या हाताने त्यांच्या ओटीत घातलं.

भारतात परत निघताना ओव्हरकोट द्यायला गेले, तर त्यांनी घेतला नाही.

लग्नापासून मी नवऱ्याला नावाने हाक मारते. शिकलेली म्हणून मिरवत मारत आले, सासरी त्याबद्दल बोलणीही खाल्ली. मुंबईच्या विमानतळावर गर्दीत तो पाठमोरा दिसला.

“विश्वास,” मी म्हटलं.

तो वळला. एवढंच झालं, पण मला बॅग खाली ठेवून थोडं उभं राहावं लागलं.