धुण्याच्या दगडावरच्या बातम्या

चार म्हाताऱ्या एकत्र बसल्या की बेचाळीस सालच्या गोष्टी निघतातच. एकीनं एक सांगितली की दुसरीला दोन आठवतात. माझ्या तर सगळ्या कृष्णाकाठच्या एका धुण्याच्या दगडावरच्या.

कराडजवळचं आमचं गाव. मालक चळवळीत, कधी डोंगरात तर कधी उसात लपलेले. गावच्या चावडीत फौजदार आणि त्याचे पोलीस ठाण मांडून. मालकांनी घरी कवा यायचं, ते माझ्या सासूबाई ठरवायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. परड्याच्या कुंपणावर तांबडं लुगडं वाळत दिसलं की या, न्हाई दिसलं की लांब राहा.

*

सोना परटीण पोलिसांचे कपडे धुवायची. एकदा दगडावर येऊन म्हणाली, "आज वलीच कापडं मागून न्हेली."

"मग निगाले कुटंतरी. पर कुटं?" आत्याबाई म्हणाल्या.

पोलिसांच्या भाकरी गावानं आळीपाळीनं थापायच्या. त्या दिवशी आमची पाळी. मी म्हटलं, "आज कालवण नगं, कोरडी चटणी द्या म्हनालेत."

"मग लांब चाललेत. कालवान सांडतंय वाटंत."

त्या दुपारी मालक घरी पोटभर जेवले.

*

बिरूमामा जतकडचे. मेंढरं घेऊन आमच्या माळावर यायचे.

"मामा, पोलीस किती दिसले?" मी विचारलं.

"मी मेंढरं मोजतू. पर समदे लंगडत व्हते बग."

"मग परत येत्यात," आत्याबाई म्हणाल्या. "जाताना कोन लंगडतंय?"

*

एकदा मात्र फजिती झाली. सोना म्हणाली, मोठी फौज येतेय. बिरूमामा तेच म्हणाले. चावडीवर पाणी भरणारी हौसाही तेच म्हणाली. तिघांचं एकच, म्हणजे खरंच असणार! मालक आणि त्यांचे सोबती दिवसभर ओढ्याच्या डोहात गळ्याएवढ्या पाण्यात. फौज काय आली न्हाई.

आत्याबाईंनी तिघांना समोर बसवलं. सोनानं हौसाकडून ऐकलेलं, हौसानं बिरूमामांकडून.

"आनि मामा, तुमी?"

"ही सोनाच म्हनली की."

तवापासून एकच कायदा. "ऐकल्यालं नगं. सवताच्या डोळ्याम्होरं काय झालं, त्येवडं सांगा."

*

पुढं मला लेक झाली. मालकांनी तिचं तोंड बघितलं नव्हतं. मी रोज कुंपणाकडं बघायची.

एक दिवस सगळं जुळून आलं. सोनाकडून ओले कपडे नेलेले. कोरडी चटणी मागितलेली. पोलीस लांब मेढ्याच्या वाटेला लागलेले बिरूमामांनी डोळ्यानं बघितलेले. मी धावत जाऊन तांबडं लुगडं कुंपणावर वाळत घातलं.

मग हौसा आली.

"फौजदारबी गेला न्हवं?" आत्याबाईंनी विचारलं.

"गेला की. सांच्याला आंघुळीचं पानी कडकडीत ठिव म्हनला मला."

आत्याबाईंचा हात थांबला. "सूनबाई, लुगडं काढ."

"आवं आत्याबाई, समदं जुळतंय की."

"ह्ये येक जुळत न्हाई. काढ म्हन्ते न्हवं."

रडत रडत काढलं. मालक आले न्हाईत. लेकीला त्यांनी पुढं बघितलं, ती रांगायला लागल्यावर.

दिवस मावळताना आमच्याच परड्यामागच्या उसातनं फौजदार बाहेर आला. मागं त्याचे पोलीस. दिवसभर उसात बसून तोंडावर, मानेवर पात्याचे ओरखडे. घरात शिरून सगळं धुंडाळलं. झोळीत लेक तेवढी झोपलेली. मग अंगणात उभा राहून कराकरा मान खाजवायला लागला.

आत्याबाई जात्यावरनं उठल्यासुद्धा न्हाईत.

"जावा बिगी बिगी, सायब," त्या म्हणाल्या. "हौसानं पानी तापवलंय."