तारीख लिहिलेली काच

परबसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोईवाड्यातल्या एका साइटवर स्लॅबच्या सळ्या मोजत होते. मोजणी पुरी केली. अर्धवट सोडलेली त्यांना खपली नसती. मग जिन्यात बसून मनसोक्त रडले...

गिरगाव ते लालबाग, जुन्या इमारती तपासण्यात सरांचा जन्म गेला. खांबाला भेग दिसली की ते तिच्यावर आडवी, पातळ काचेची पट्टी सिमेंटने चिकटवत आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने तारीख लिहीत. भेग वाढत असेल तर काच तडकते, इतकं सोपं. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडून मी त्यांच्याकडे लागले, तेव्हा मला हे फारच गावठी वाटलं होतं. शिष्ट होते मी.

करी रोडच्या एका चाळीतल्या काचा बघायला त्यांनी मला एकटीला पाठवलं. गणपतीला चार दिवस होते, रंगरंगोटी चालू होती. तळमजल्यावरच्या राणेमावशींच्या दारालगतच्या खांबावरची काच लख्ख होती. ‘शाबूत’ असं लिहून, चहा पिऊन मी परतले. मी काढलेला काचेचा फोटो सरांनी पाहिला आणि विचारलं, “तारीख कुठाय?”

तसेच उठून आम्ही चाळीत गेलो. मावशी कौतुकाने म्हणाल्या, “ती फुटलली, साहेब. मियाच नवी चिकटवली. गणपती येतत, फुटकी काच घरात कशाक?”

म्हणजे भेग वाढत होती. वरच्या तीन मजल्यांवर माणसं होती, सणाला अजून येणार होती. सरांनी त्याच दुपारी खांबाभोवती लोखंडी टेकू लावून घेतले, वरच्या खोल्या रिकाम्या करवल्या. गणपती समोरच्या शाळेत बसले. लोक चिडले, सरांना नाही नाही ते बोलले.

मी राजीनामा लिहून नेला. सरांनी तो वाचलाही नाही. “काच कशासाठी, हे मावशींना मी सांगितलंच नव्हतं. चूक माझी. तू फक्त आधी तारीख बघत जा.” आज मी जी काही इंजिनिअर आहे, ती त्या एका वाक्यामुळे.

गेल्या आठवड्यात मावशींकडे गेले. दुरुस्तीनंतर सरांनी त्याच खांबावर नवी काच लावली होती. “साहेब गेले, आता ही काढतलंस?” मावशींनी विचारलं. त्यांचे डोळे भरले होते.

मी वाकले. आधी तारीख बघितली. सरांचंच अक्षर होतं... मग काच बघितली. शाबूत होती.