उतरायला तयार नसलेली बाई

माझे काका तोंडात खिळे धरून बोलतात. सोफ्याला कापड ठोकताना मूठभर बारीक खिळे ओठांआड ठेवायचे आणि जिभेने एकेक पुढे सरकवत हातोडीला द्यायचा, हा त्यांचा हातखंडा. त्यामुळे "थांब जरा" हे त्यांच्या तोंडून "हांम् झला" असं बाहेर पडतं. त्यांची नक्कल करताना मी काड्यापेटीतल्या काड्या तोंडात धरते. काकू हसून हसून डोळे पुसायची. "अगदी तस्संच! आता रागावून दाखव." रागावलेले काका सोपे. चष्मा कपाळावर, खिळे तळहातावर, आणि, "आधी सांगाडा! सांगाडा चुकला ना, तर वरून मखमल लावा नाहीतर सोन्याचा पत्रा, माणूस कलंडणार म्हणजे कलंडणार!"

गिऱ्हाइकाला त्यांचा पहिला प्रश्न, "बसणार कोण?" घरात म्हातारं माणूस असेल तर बैठक उंच, दांडगी पोरं असतील तर स्प्रिंगा जाड. मग खाकी कागदावर आकृती, मग लाकूड. आकृती एकदा ठरली की गिऱ्हाईक रडलं तरी बदल नाही.

या माणसाला आयुष्यात एकच हौस होती. आपली एक कादंबरी व्हावी. एक घड्याळजी आणि त्याची बायको, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात लग्नाआधीपासून घर करून होती. त्यांच्या सोफ्यांच्या कारखान्याच्या भिंतीवर छतापासून खालपर्यंत खाकी कागद, त्यावर प्रकरणांचे चौकोन, बाण, भांडणाला लाल खडू, समेटाला निळा. पण प्रत्यक्ष लिहायला बसले की "घड्याळजी उठला. मग घड्याळजी बसला." यापुढे गाडी सरकायची नाही. काकूचं नेमकं उलटं. तिने दूधवाल्याला 'आज नको' म्हणून चिठ्ठी लिहिली तरी तो ती घरी नेऊन बायकोला वाचून दाखवायचा.

मग ठरलं. आराखडा काकांचा, लिहिणं काकूचं.

"मी सांगाडा करतो, तू कापड चढव."

"अहो, आधी लिहून तर बघू. सांगाडा आतच सापडेल की कुठेतरी."

"आत सापडतो तो सांगाडा नसतो, घोळ असतो."

काकूने मान डोलावली. ती मान फार डोलवायची.

दर रविवारी मी नवं प्रकरण मोठ्याने वाचायचे, सोंगं काढून. घड्याळजीला आपोआप काकांचा आवाज लागला, बायकोला काकूचा. मला कुणी सांगितलं नव्हतं, तोंडात बसलाच तसा. वाचन झालं की काका लाल खडू घेऊन पुढे सरसावायचे.

"ती गच्चीवर जाऊन उभी राहिली, असं लिहिलंयस. कशाला?"

"राहिली."

"पुढे उपयोग काय त्याचा?"

"काही नाही. उगाच राहिली."

"मग काढ."

काकू काढायची. गच्ची गेली. मग बाईने एकटीने, कुणाला न विचारता प्यायलेला चहा गेला. शेजारणीला अर्धंच सांगितलेलं स्वप्न गेलं. "आता कसं घट्ट बसलं!" काका म्हणायचे आणि सोफ्यावर थाप मारावी तशी कागदांवर थाप मारायचे.

अकराव्या चौकोनात लिहिलं होतं: भांडण, बायको स्टेशनवर, संध्याकाळी परत. त्या रविवारी मी वाचत गेले. भांडण झालं, बायको स्टेशनवर आली, बाकावर बसली. गाडी आली. बायको चढली.

मी थांबले. कागद संपला होता.

"चढायचं नाहीये तिने," काका म्हणाले.

"हो ना. मलाही तसंच वाटलं होतं."

"मग चढवलीस कशाला?"

"मी नाही हो चढवली. चढली ती."

"अगं, एकदम चढली? शेवट असा अचानक आणतात का? आधी कुठे काही पेरलेलंच नाही!" मग काकांनी मोठ्या मनाने तडजोड केली. "बरं, चढू दे. पुढच्या स्टेशनला उतरव. संध्याकाळपर्यंत येतेय घरी."

काकूने मनापासून प्रयत्न केला, हे मी पाहिलंय. तिने पाऊस पाडला, तिकीट हरवलं, तपासनीस आणला, डब्यात लहान मूल रडवलं. बाई उतरेना. काकाही हट्टाला पेटले. शेवटी एका दुपारी काकूने पेनला टोपण लावलं.

"अहो, मला तिला उतरवता येत नाही. आणि का येत नाही ते लिहिता लिहिता कळलं. आधी कळलं असतं तर तुम्हाला आधी सांगितलं असतं."

काकांना वाटलं, कादंबरीचं चाललंय.

पुढच्या आठवड्यात काकू एक पिशवी घेऊन तिच्या बहिणीकडे दुसऱ्या गावी गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. माझ्या आईला एवढंच म्हणाली, "जाऊबाई, चार दिवसांसाठी चाललेय असं म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू?"

काकांनी मग सगळे कागद काढले आणि पहिल्यांदाच स्वतः वाचले. खोडलेलंसुद्धा, उजेडाकडे धरून धरून. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांच्या तोंडात एकही खिळा नव्हता. इतका स्वच्छ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"अगं, अचानक नव्हतं ते. हिने पहिल्या पानापासून सांगून ठेवलंय. मीच खोडत गेलो."

तिला आणायला जायचं ठरलं. मला बरोबर घेतलं, "तुला बोलता येतं" म्हणून. बसमध्ये काकांनी बेत सांगितला. आधी तब्येत विचारायची, मग गच्चीबद्दल माफी मागायची, मग घरी चल म्हणायचं. "तू काकू हो. बघू कसं जमतंय." मी काकू झाले. बसमधल्या बायका वळून बघायला लागल्या, इतकी हुबेहूब झाले. काकांनी माफी मागितली की मी अडखळत, पदराशी चाळा करत म्हणायचे, "बरं, येते मी." काका खिडकीकडे तोंड फिरवायचे आणि म्हणायचे, "पुन्हा एकदा करू."

दार खऱ्या काकूने उघडलं आणि म्हणाली, "अहो, किती वाळलात!"

हे बेतात नव्हतं. काका उभेच राहिले. खोली लहान, खिडकीपाशी टेबल, टेबलावर कागद.

"कुठे पोचली ती?" काकांनी विचारलं.

"अजून गाडीतच आहे."

"पुढे?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही. आणि मला असंच बरं वाटतंय."

"मी गच्ची परत घालतो."

"कळलं मला."

"पुस्तकाचं राहू दे. तू घरी येतेस?"

"नाही हो," काकू म्हणाली.

त्यातला 'हो' इतका मऊ होता की तो मला अजून काढता आलेला नाही. खूपदा करून पाहिला.

काका मटकन बसले, तशी त्यांच्या खालची खुर्ची करकरली. ते उठले, खुर्ची उलटी केली, बैठकीखाली बोटं फिरवली. पट्टे लोंबत होते. खांद्यावरच्या झोळीतून हातोडी निघाली, खिळ्यांची पुडी निघाली. खिळे त्यांनी तोंडात धरले नाहीत. काकूने न सांगता तळहात पुढे केला, त्यावर काकांनी पुडी ओतली. ती एकेक खिळा देत गेली, ते ठोकत गेले. कारखान्यात असा पट्टा ते चहा गार व्हायच्या आत मारतात. इथे एक पट्टा ताणायचे, बघायचे, सोडायचे, पुन्हा ताणायचे. काकूलाही ते काम येत होतं. किती वेळाचं आहे तेही तिला ठाऊक होतं.

चारही पट्टे बसले. मग काकांनी न हलणारा पायसुद्धा हलवून पाहिला. मग पाठ. मग आणखी काहीच उरलं नाही.

खुर्ची सरळ करून ते म्हणाले, "झालं."

काकूने उरलेले खिळे त्यांच्या शर्टाच्या खिशात टाकले, खिसा वरून हलकेच दाबला आणि आमच्यासाठी दार उघडून धरलं.