रस्त्यावरून काढलेलं घर

गाव सोडलं त्या दिवशी मला लातूरला जाणाऱ्या एसटीत बसवायला अकरा माणसं आली होती. घर रस्त्याला लागून, हात केला की एसटी दारासमोरच थांबायची. आई तेवढी चुलीपुढून उठली नाही. "दूध उतू जाईल," म्हणाली. मागच्या काचेतून मी घर लहान होताना बघत राहिलो: तीन खोल्या, चौदा पत्रे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड.

त्याला सत्तावीस वर्षं झाली. आता निगडीला फ्लॅट आहे आणि चाकणच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्शनची नोकरी. गावी 'सकाळी ये' एवढा निरोप पुरायचा. इथे कंपनीची बस सहा वीसला सुटते आणि सहा एकवीसला आलेल्याला रिक्षा बघावी लागते.

गेल्या वर्षी धाकट्या भावाचा, बालाजीचा फोन आला. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं होतं. फोटो त्याने काढलेच होते, पण मला माझ्या हातचं काही द्यायचं होतं. म्हणालो, जुन्या घराचं चित्र काढतो, नव्या भिंतीवर लावा. आईने फोन घेतला. "वळखू आलं तर लावीन. उगं कायबी टांगणार न्हाई."

शाळेनंतर मी चित्राची पेन्सिल धरली नव्हती. आमच्या बसमध्ये असेंब्ली लाइनवरची सुनीता रोज वही घेऊन बसायची. तिने आधी पानभर सरळ रेघा मारायला लावल्या, मग चौकोन, मग खोकी, मग माझाच जेवणाचा डबा. चालत्या बसमध्ये रेघ थरथरते, म्हणून चाकणच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये बस अडकली की आम्ही काढायचो. एखाद्या दिवशी रस्ता मोकळा मिळाला की मला चक्क वाईट वाटायचं.

मेंटेनन्समधले खरात मागच्या सीटवर बसत. तेही काढायचे. वही एकमेकांना द्यायची, बघणाऱ्याने एक जमलेलं आणि एक सुधारायचं सांगायचं, असा नियम होता. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणं हीच माझी नोकरी, त्यामुळे मला तो सोपा वाटला. खरात म्हणाले, "डबा झकास, राव. पण झाकण हवेत तरंगतंय." झाकण बरोबर आहे हे मी त्यांना दोन दिवस पटवत होतो. तिसऱ्या दिवशी खोडलं.

चार महिन्यांनी घर काढलं. बालाजीकडून टेप लावून मापं मागवली होती. खरात म्हणाले, पत्रे मोजून घ्यावेत असे आलेत. सुनीता म्हणाली, भिंती पक्क्या वाटतात, पण आत कुणी राहतं असं वाटत नाही. मी ते मनावर घेतलं नाही. माणसं काढायचं ठरलंच नव्हतं. चित्र गावी पाठवलं. आईने बराच वेळ बघितलं आणि बालाजीला विचारलं, "कुणाचं घर हाय हे?"

दुसऱ्या दिवशी मी वही उघडली नाही. सुनीताने कारण काढून घेतलं. सगळी मापं बरोबर आहेत, हे मी तिला दोनदा सांगितलं.

"काका, हे रस्त्यावरून काढलंय. आई कधी रस्त्यावर उभ्या राहून घराकडे बघायच्या?"

मग पुन्हा काढलं, मनाने आईच्या जागेवर बसून, टेपशिवाय. पुढे चूल, धुराने काळी झालेली दाराची चौकट, अंगणातला लिंब, त्यापलीकडे रस्ता आणि बोटाच्या पेराएवढी एसटी. काढतानाच लक्षात आलं की चुलीपुढून एसटी थेट दिसायची. शेवटपर्यंत दिसायची. आणि नीट आठवलं तर त्या उन्हाळ्यात आमची म्हैस आटलेली होती. घरात उतू जायला दूधच नव्हतं.

कागद जवळ ठेवून बालाजीला नुसता फोटो पाठवला. या वेळी आईचा स्वतःचा फोन आला. "चौकट बरोबर हाय. सैपाक झाला की तिथंच पाठ टेकायचे मी. पण एसटीचं तोंड लातूरकडं झालंय. ती येताना काढ."

एक जमलेलं, एक सुधारायचं. आमचा नियम तिला कुणी सांगितला नव्हता.

शुक्रवारी ट्रॅफिकने अकरा मिनिटं दिली, तेवढ्यात एसटी खोडून उलटी फिरवली. त्या जागी कागद पातळ झालाय. इन्स्पेक्शनला आला असता तर मी तो परत पाठवला असता. आईने टांगलाय, नव्या घरात, दारासमोरच्या भिंतीवर.

फॉर्मवर पत्ता मी निगडीचाच लिहितो, आणि तो खराही आहे. पण गाव सोडलेल्या तुम्हा सगळ्यांना सांगतो, आपली एसटी ज्या दारातून अजून येताना दिसते, ते घर.