तिसरा नारळ

पाना दातांत धरून बोलणे. इंजिनाला 'बाय' म्हणणे, बायकोला काहीच न म्हणणे. इंजिन सुरू करण्याआधी त्यावर नारळ फोडणे. रेवदंड्याच्या अंबाजीदादाच्या या सवयी. तो होड्यांच्या डिझेल इंजिनांचा मिस्त्री. मी त्याचा बी.ए. झालेला, निरुपयोगी मित्र.

एकसष्ट साली नागावच्या बंगल्यातल्या साहेबांची विलायती स्पोर्ट्स गाडी आचके देऊ लागली. दादा मेव्हण्याच्या होडीचा डिझेल पंप खोललेला तसाच टाकून धावला, मागोमाग मीही.

"दाजी, सगल्या होड्या पापलेटाला गेल्या. माझा पंप?" मेव्हणा भिकू मागून ओरडला.

"आलोच रं!"

दादाने दोन्ही कार्बुरेटर धुतले, प्लग घासले आणि उघड्या इंजिनावर नारळ फोडला. आचके वाढले. पुन्हा सगळे खोलले, पुन्हा नारळ. असे तीन दिवस गेले.

तिसऱ्या नारळाला मी हात धरला. "दादा, पाणी वायरींवर जातंय. ही पेट्रोलची. हिला ठिणगी लागते."

"माझी इंजिनं समुद्राचं पानी पितान. त्यांना काय व्हत न्हाय!"

"ती डिझेलची."

मी वायरींच्या जोडावरचे झाकण काढून आतला चिकटा पुसला. नारळ दादाने चाकापुढे फोडला. गाडी सुरळीत सुरू झाली.

"साहेब, तिसऱ्या नारलाला देव पावला," दादा म्हणाला.

मी थक्क झालो. साहेबांनी त्याला शेजारी बसवून मुंबईला नेले.

भिकूची होडी किनाऱ्यावरच होती. गोणपाटावर पंप खोललेला पडला होता. शेजारी पंपासाठी आणलेला नारळ, न फोडलेला.